खरवडू नका, आधी वाचा!

आजोळच्या माळ्यावरची लाकडी पेटी खाली उतरली की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. सुताराला बोलवायचं, बिजागऱ्या बदलायच्या, पॉलिश चढवायचं. आणि त्याआधी आतला डागाळलेला, कडा कुरतडलेला कागद पाणी मारून खरवडून काढायचा. थांबा! लाकूड फार तर साग की शिसव एवढंच सांगेल. पेटी कुणी केली, कधी केली, कुणाच्या घरी गेली, हे पुष्कळदा त्या कागदालाच ठाऊक असतं. लाकडावरचा कागद जपणं हे जगभरच्या संग्रहालयांत एक वेगळं, नाजूक कसब मानलं जातं. त्या दुनियेतल्या या काही अफलातून गोष्टी वाचा आणि मग सुताराला फोन करा.

झाकणाखालचं चित्र

सन १५००च्या आसपास फ्रान्समध्ये लोखंडी पट्ट्या मारलेल्या छोट्या लाकडी पेट्या बनत. बाहेरून चामडं, भक्कम कुलूप, आणि झाकण उघडलं की आत लाकडी ठशाने छापून हाताने रंगवलेलं धार्मिक चित्र. छापील चित्र ही तेव्हाची स्वस्त वस्तू. भिंतीवर डकवलेली, हातोहात फिरलेली अशी असंख्य चित्रं धूर, ओल आणि वापर यांनी संपली. झाकणाखालची मात्र टिकली, कारण बंद पेटीत ना ऊन, ना धूळ. त्यातल्या काही चित्रांची आज जगात एकच प्रत उरली आहे, आणि तीही पेटीच्या झाकणाला चिकटलेली! पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयाने २०१९मध्ये या पेट्यांचं खास प्रदर्शन भरवलं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयानेही अशी एक पेटी मिळवली. पुस्तकांच्या घराला पेटी हवीशी वाटली ती आतल्या छापील कागदासाठी.

तुळईवर सापडलेला राजा

केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात १९११ साली दुरुस्ती चालू होती. प्राचार्यांच्या निवासातल्या छताच्या लाकडी तुळयांवर कागद चिकटलेला दिसला. त्यावर मोठी डाळिंबासारखी नक्षी होती आणि यॉर्कचा मुद्रक ह्यूगो गोज याची खूण. इंग्लंडमधला हा सर्वांत जुना ज्ञात वॉलपेपर, १५०९चा. पण खरी गंमत कागदाच्या पाठीवर होती. नक्षी छापायला रद्दी वापरली होती आणि त्या रद्दीत आठवा हेन्री गादीवर आल्याची घोषणा होती! चारशे वर्षं राजाची दवंडी लाकडाकडे तोंड करून बसली होती. कुणी ओल्या फडक्याने तुळया पुसून लख्ख केल्या असत्या, तर सगळाच पुरावा बादलीत गेला असता.

समुद्री घोड्यांचा वाजा

अँटवर्पच्या रुकर्स घराण्याची हार्पसिकॉर्ड आणि व्हर्जिनल ही वाद्यं सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपभर नावाजलेली होती. पट्ट्यांभोवतीची आणि झाकणाच्या आतली सजावट बघितली तर हाताचं रंगकाम वाटतं. प्रत्यक्षात तो ठशांनी छापलेला कागद. पांढऱ्यावर काळ्या वेलबुट्ट्या, मधेच शेपटी वळवलेले समुद्री घोडे. झाकणावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि त्यावर ठसठशीत लॅटिन सुभाषित. डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘द म्युझिक लेसन’ या चित्रात अशाच वाद्यापाशी एक तरुणी पाठमोरी उभी आहे. संगीत आनंदाची सोबतीण आणि दुःखावरचं औषध आहे, अशा अर्थाचं वचन त्या झाकणावर वाचता येतं. चित्र १६६०च्या दशकातलं. समुद्री घोडे त्यातही स्पष्ट ओळखू येतात. मूळ वाद्यांवरचा कागद फाटला, उडाला, तर पूर्वी नक्षी कशी होती याचा साक्षीदार म्हणून हे चित्र उभं राहतं.

नक्कल झाली अस्सल

अठराव्या शतकात चीन-जपानच्या लाखकामाने युरोपला वेड लावलं. किंमत मात्र आवाक्याबाहेर. मग व्हेनिसच्या कारागिरांनी शक्कल लढवली. छापील चित्रं रंगवायची, कातरायची, कपाटावर चिकटवायची आणि वर रोगणाचे हात द्यायचे, एकावर एक, कागदाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत. बासानो गावच्या रेमोंदिनी छापखान्याने तर खास कातरण्यासाठीच चित्रांचे ताव काढले. गरिबांचं लाखकाम म्हणून ओळखली गेलेली ती कपाटं आज संग्रहालयांत मानाने उभी आहेत.

ती जपणं मात्र महाकठीण. रोगण काळानुसार पिवळं पडतं, निळं आकाश शेवाळी दिसू लागतं. रोगण काढायला द्रावक लावावं तर खालचा रंगही उठून यायची भीती. म्हणून कापसाचा अगदी छोटा बोळा, एका वेळी नखाएवढी जागा, आणि प्रत्येक रंगावर आधी चाचणी. माझ्या मते पिवळं पडलेलं रोगण पुष्कळदा तसंच राहू द्यावं. म्हातारपण हा काही डाग नव्हे.

कागदाच्या अशा कमाली आणखी किती सांगाव्यात! सोळाव्या शतकात जर्मनीत ज्यांना लाकडी जडावकाम परवडत नसे त्यांच्यासाठी जडावाची नक्षी छापलेले कागद मिळत. स्कॉटलंडमध्ये छोट्या डब्यांवर चौकटींचा टार्टन कागद इतका बेमालूम डकवत की सांधा दिसू नये म्हणून त्यावर काळी पट्टी आणि सोनेरी नागमोडी रेघ ओढत. इंग्लंडमध्ये सुतार चहाच्या डब्यांना मुद्दाम खोलगट चौकटी ठेवून ते कोरेच विकत. त्या चौकटी कागदाच्या बारीक गुंडाळ्यांनी भरायच्या त्या घरातल्या मुलींनी. आपल्याकडे उन्हाळी शिबिरांत शिकवतात तेच हे क्विलिंग. जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ कादंबरीत, म्हणजे १८११मध्ये, नायिका एलिनॉर अशाच गुंडाळ्या करायला बसते.

नकाशा कापला आणि खेळ झाला

१७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशाकाराने छापील नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवला आणि करवतीने देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तुकडे जुळवायचे, भूगोल आपोआप पाठ. जिगसॉ पझलचा जन्म हा असा झाला. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांची शिक्षिका लेडी शार्लट फिंच हिच्याकडे तर अशा कापलेल्या नकाशांचं एक छोटं कपाटच होतं. तुकडा हरवला की एखादा प्रांत गायब! अशा वेळी संवर्धक नवा तुकडा बनवतो खरा, पण जवळून पाहिलं तर तो नवा आहे हे कळेल असाच ठेवतो. जुनं म्हणून नवं खपवायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम.

पृथ्वीगोलावरही असाच छापील नकाशा चिकटवतात. गोलावर कागद नीट बसावा म्हणून नकाशा दोन्ही टोकांना निमुळत्या पट्ट्यांत छापतात. ‘अमेरिका’ हे नाव असलेला मार्टिन वाल्डझेम्युलरचा १५०७चा गोल अशा बारा पट्ट्यांचा होता. गोलाभोवती आडवं लाकडी कडं असतं, त्यावर महिने आणि राशी छापलेला कागद. शिकवणाऱ्याचं बोट नेहमी तिथेच टेकतं, म्हणून गोल धड असला तरी ते कडं झिजलेलं असतं.

आणि फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात जा. त्याच्या हातच्या दुर्बिणींपैकी एकीची लाकडी नळी कागदाने मढवलेली आहे. आकाशाचा नकाशा बदलणाऱ्या यंत्राच्या अंगावर साधा कागद!

जपानी पडद्याच्या पोटात

या विषयातला माझा सर्वांत आवडता मुक्काम जपान. लाकूड आणि कागद यांचा संसार तिथल्याइतका कुणी समजून घेतलेला नाही.

भांडण मुळात काय ते आधी बघू. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पण सगळीकडे सारखं नाही: तंतूंच्या लांबीला जवळजवळ काहीच फरक पडत नाही, आडव्या दिशेला मात्र फळी सरकत राहते. कागदही ओल पिऊन पसरतो आणि वाळला की ताणतो. दोघं एकमेकांना घट्ट चिकटले की कुणीतरी एक हरतो. पातळ फळी असेल तर कागद तिला वाकवतो, जाड असेल तर दोन फळ्यांच्या सांध्यावर कागद टरकन फाटतो. जुन्या पेटीतला कागद बरोबर सांध्याच्या रेषेत फाटलेला दिसतो, तो यामुळे.

जपानी घडीच्या पडद्याने यावर काढलेला तोडगा बघा. आत हलक्या लाकडाची जाळी. तिच्यावर कागदाचे कितीतरी थर. पहिला थर जाळीला घट्ट बांधणारा, त्यावर खवल्यांसारखे एकावर एक चढलेले तुकडे, एकाच कडेला चिकटवलेले. आणि त्यावर असा थर की ज्याच्या फक्त कडांना खळ असते, मधला सगळा कागद मोकळा, तरंगता. लाकूड हललं तरी हालचाल या थरांतच जिरते आणि वरच्या चित्राला झळ लागत नाही.

बिजागऱ्याही कागदाच्याच! आधी पडद्याची पानं दोऱ्यांनी किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी बांधत, म्हणून प्रत्येक पानाभोवती वेगळी चौकट लागे. चौदाव्या शतकाच्या सुमारास कागदी बिजागरी आली, पानं एकमेकांना भिडली, आणि सहा पानांवर सलग एकच डोंगर, एकच नदी रंगवता येऊ लागली. एवढ्याशा सुतारकामाच्या युक्तीने जपानी चित्रकलेला केवढं मोठं मैदान मिळालं!

आता पोटातली गोष्ट. आतले थर दिसणार नसत, म्हणून त्यांना रद्दी चाले. जुनी पत्रं, हिशेब, पावत्या. पडदे आणि सरकती दारं दुरुस्तीला उघडली की हे सगळं बाहेर येतं. घराण्यांनी जपून ठेवलेल्या दप्तरात बहुधा जमीन, कर, मानमरातब यांची कागदपत्रं असतात. रोजच्या व्यवहाराचे कागद फेकून देतात, आणि फेकलेले कागद दारांच्या पोटात जातात! नोतो द्वीपकल्पातल्या तोकिकुनी घराण्याच्या कागदपत्रांचा अभ्यास करताना इतिहासकार योशिहिको आमिनो यांना अशाच दारांतल्या रद्दीने चकवलं. सरकारी वर्गवारीत भूमिहीन म्हणून नोंदलेले लोक प्रत्यक्षात जहाजांवर व्यापार करणारे धनिक निघाले. त्यांना जमीन नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. ‘जुना जपान म्हणजे निव्वळ शेतकऱ्यांचा देश’ या समजुतीला अशा कागदांनी सुरुंग लावला.

खळीचंही तिथे केवढं कौतुक! गव्हाच्या सत्त्वाची खळ कडाक्याच्या थंडीत शिजवून मातीच्या रांजणात भरतात आणि सुमारे दहा वर्षं मुरू देतात. मुरलेल्या खळीची पकड हलकी होते. हलकीच हवी, कारण शंभर वर्षांनी पुढच्या कारागिराला ती थोड्या ओलाव्याने सोडवता आली पाहिजे. आणि कागद? कोची प्रांतातली हिदाका वाशी ही कंपनी चौरस मीटरला १.६ ग्रॅम वजनाचा कागद बनवते, जगातल्या सर्वांत पातळ कागदांपैकी एक. फाटलेल्या छापील मजकुरावर तो चिकटवला की अक्षरं आरपार वाचता येतात. पारंपरिक जपानी हातकागदाला २०१४मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत जागा मिळाली. १९६६च्या फ्लॉरेन्सच्या महापुरात भिजलेल्या लाकडी चित्रफळ्यांवरचा रंग सुटू लागला तेव्हाही जपानी कागदाचे तुकडेच त्यावर चिकटवून रंग जागच्या जागी धरून ठेवला होता.

चिठ्ठीची साक्ष

कागद नेहमी शोभेचाच असतो असं नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जाफ्री गावात हॅना डेव्हिस नावाची एक जिद्दी बाई होऊन गेली, १७८४ ते १८६३. ती पातळ लाकडाच्या गोल टोपीपेट्या बनवायची, बाहेरून रंगीत वॉलपेपर लावायची आणि गाडीत भरून गिरणगावांतल्या कामगार मुलींना विकायची. आतून अस्तर जुन्या वर्तमानपत्रांचं. त्या वर्तमानपत्रांवरची तारीख वाचून अभ्यासक पेटीचं वय काढतात. झाकणाखाली तिच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठी शाबूत असेल तर पेटी इतिहास, नसेल तर नुसती पेटी.

कनेक्टिकटच्या लाकडी घड्याळांत आत मोठा छापील कागद असे. किल्ली कशी द्यायची, वेळ कशी लावायची, सगळं त्यावर. तळाशी छापखान्याचं नाव-पत्ता. छापखाना जागा बदलत गेला, म्हणून पत्त्यावरून घड्याळाचा काळ कळतो!

व्हायोलिनच्या पोटातली चिठ्ठी तर घराघरांत खळबळ उडवणारी. ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ वाचून अनेकांना आपण कोट्यधीश झालो असं वाटलं आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनी, बोहेमिया, फ्रान्समधल्या कारखान्यांनी या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून व्हायोलिनांचे ढीग विकले. मग अमेरिकेने १८९०च्या आयात कायद्याने मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं केलं. म्हणून क्रेमोनाचा व्हायोलिन-उस्ताद स्ट्रॅडिव्हारी याच्या नावाखाली ‘जर्मनी’ असंही छापलेलं सापडतं. तो तर १७३७ सालीच वारला होता. नकली असली तरी ती चिठ्ठीही काढू नका. व्हायोलिन कधीचं, ते तीच सांगते.

हिरव्यापासून सावध

खणात, डब्यात झगझगीत हिरवा जुना कागद दिसला तर बोट फिरवू नका. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५च्या सुमारास शोधलेला हिरवा आणि १८१४मध्ये आलेला पाचूसारखा हिरवा, दोन्ही रंगांत तांबं आणि आर्सेनिक. आर्सेनिक म्हणजे सोमल! एकोणिसाव्या शतकात भिंती, खोकी, पुस्तकांची वेष्टनं, सगळीकडे हा रंग होता. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९पासून अशी विषारी हिरवी पुस्तकं शोधण्याची मोहीम चालवली आहे. संवर्धक हातमोजे घालतात आणि क्ष-किरणांच्या उपकरणाने आधी रंग तपासतात. आपण हात लावायचा नाही, लागलाच तर साबणाने धुवायचा.

लाळ, पाव आणि चायनाग्रास

कागदाला ओल हवी, लाकडाला नको. मग कागद सोडवायचा कसा? एक उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे: चायनाग्रास. त्याची घट्ट वडी कागदावर ठेवली की पाणी वाहत नाही, अगदी सावकाश झिरपतं, खळ मऊ होते आणि मळही वडीत ओढला जातो. दुसरं उत्तर रेनकोटातलं. गोअर-टेक्स कापडातून वाफ जाते पण थेंब जात नाही, म्हणून ते कागदावर अंथरून वरून ओलावा देतात.

आणि हे ऐका. संग्रहालयांत थुंकीनेही सफाई होते! थुंकीत स्टार्च तोडणारं अमायलेज असतं. पोर्तुगालच्या तीन संशोधकांनी लाळ किती उत्तम सफाई करते याचा रीतसर अभ्यास केला आणि त्यांना २०१८चं रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. घरी मात्र हा प्रयोग नको; कुठे वापरायचं आणि कुठे नाही, हे जाणणाराच ते करतो.

वॉलपेपरवरची काजळी पूर्वी शिळ्या पावाने पुसत. पुढे सिनसिनाटीच्या कुटोल कंपनीने त्यासाठी मऊ गोळा बाजारात आणला. कोळशाच्या शेगड्या गेल्या, काजळी गेली, धंदा बसला. मग कळलं की मुलं त्या गोळ्याची चित्रं बनवतात. १९५६मध्ये त्याचं प्ले-डो झालं!

आता आपलं घर

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी तसबिरीत गेली आणि अनेक तसबिरींमागे साधी लाकडी फळी ठोकलेली असते. लाकडातून आम्ल झिरपतं आणि देवीच्या चेहऱ्यावर तपकिरी पट्टे उमटतात. नीट बघा, फळ्यांमधल्या फटीही त्यात दिसतात. अशी फळी काढून मागे आम्लरहित पुठ्ठा लावला, तर चित्राचं आयुष्य खूप वाढतं.

आपल्याकडे खळीत मोरचूद घालायची पद्धत. कसर आणि झुरळं दूर राहतात हे खरं, पण मोरचुदातलं तांबं वर्षानुवर्षं कागदाला आतून जाळत राहतं आणि तो ठिसूळ होतो. जपण्याच्या वस्तूला मोरचूद नको. फेव्हिकॉल नको, तो नंतर सुटत नाही. सेलोटेप तर मुळीच नको, तिचा चिकटा कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा बसतो. पावसाळ्यात पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. चार बोटं जागा सोडा, अधूनमधून झाकण उघडून वारा लागू द्या. कागद सुटू लागला असेल तर तुकडे पाकिटात घालून पेटीतच ठेवा.

आणि पेटी सुताराकडे जाण्याआधी आतल्या कागदाचे फोटो काढा: पूर्ण, तुकड्या-तुकड्याने, तारखांसकट, दुकानाच्या चिठ्ठीसकट. सुताराला स्पष्ट सांगा, ‘लाकूड तुमचं, कागद आमचा.’ वस्तू मोलाची वाटली तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रासारख्या जाणत्या ठिकाणी आधी विचारा. फाटलेला कागद जोडता येतो, डाग फिके करता येतात. खरवडून टाकलेला कागद मात्र जगातला कोणताही संवर्धक परत आणू शकत नाही.